सुतळीचं पोट

सुतळी टाकीच्या तोंडात अडकला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि त्याच्या पोटात दोन टोस्ट आणि दोन कप चहा याखेरीज काही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण नंतर त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही.

टाकी खाद्यतेलाची होती. तळाचा गाळ खरवडून, भिंती पुसून तो शिडीने वर आला, हात बाहेर काढले, डोकं काढलं, खांदे तिरके करून काढले आणि पोटाशी थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. सकाळी उतरताना अंगाच्या भाराने कसाबसा निसटला होता, वर येताना ते जमेना. वर येता येईना आणि खाली जाता येईना. टाकीच्या माथ्यावर उभा असलेला दोरवाला दोर ओढत होता, "श्वास सोड, श्वास सोड" म्हणत होता. सुतळीने होता नव्हता तेवढा श्वास सोडला. लोखंडाची कड फासळ्यांखाली रुतली. खाली अंधारात पाय शिडी चाचपत होते, वर ऊन डोळ्यांत जात होतं, आणि माणूस मधोमध. वीस मिनिटांनी साबणाचं पाणी ओतून त्याला काढलं तेव्हा त्याच्या कमरेभोवती लाल पट्टा उठला होता.

खाली मुकादम कमरेवर हात ठेवून उभा होता. "काय रे सुतळी," तो म्हणाला, "दोरखंड झालास की!"

सगळे हसले. सुतळीही हसला, कारण न हसता उभं राहणं त्याला जमलं नसतं.

टाक्या साफ करणाऱ्या या कंपनीत तो बाविसाव्या वर्षी लागला तेव्हा खरोखरच सुतळीसारखा होता. गालफडं बसलेली, हातापायांच्या काड्या. पहिल्याच दिवशी एका जुन्या पाकाच्या टाकीच्या तोंडात इतर कोणी शिरेना, आणि हा चपला काढून सरळ आत उतरला. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच. एकोणीस वर्षांत त्याने तेलाच्या, दुधाच्या, पाकाच्या, रंगाच्या किती टाक्या आतून पाहिल्या असतील याचा हिशोब त्याच्याकडे नव्हता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि येत नाही याची खंतही नव्हती. आपण जिथे शिरतो तिथे दुसरा कोणी शिरू शकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तो ताठ मानेने चालत असे.

या कामाच्या दोन पद्धती होत्या. त्या कोणी लिहून ठेवलेल्या नव्हत्या, पण पाळायचे सगळे. पहिली खाण्याची. टाकीत उतरलं की चार चार तास वर येता येत नाही. मध्येच यायचं म्हणजे पट्टे सोडा, हवा पुन्हा तपासा, पुन्हा उतरा. अर्धा दिवस पाण्यात. त्यामुळे टाकीच्या आदल्या दिवसापासून भाजी बंद, कडधान्य बंद, फळ बंद. पोटात गडबड करणारं काहीच नको. पांढरा टोस्ट, बिस्किटं आणि गोड चहा. यावर माणूस कोरडाठाक राहतो, हा त्यांचा अनुभव. एकदा एकाने आदल्या दिवशी लग्नात पोटभर उसळ खाल्ली होती. त्याची गोष्ट अजूनही नव्या माणसाला हसत हसत पण ताकीद म्हणून सांगतात.

दुसरी पद्धत कॅप्सूलची. ती दोरवाल्याची. सुतळीच्या आधीचा त्याचा जोडीदार एका सडक्या टाकीतून धडधाकट बाहेर आला आणि पोटाच्या विकाराने आठव्या दिवशी गेला. तेव्हापासून दोरवाल्याच्या शर्टाच्या खिशात जंतू मारणाऱ्या गोळ्यांची पट्टी असायची. टाकीतून वर आलेल्या माणसाच्या हातावर तो आधी पाणी, मग कॅप्सूल ठेवायचा. घेतल्याशिवाय चहा नाही. टाकी धुतात तसं पोट धुवायचं, अशी त्याची समजूत, आणि टाक्या धुण्यातच जन्म गेलेल्या माणसांना ती पटली नसती तरच नवल. सुतळी वर्षाला दोन अडीचशे कॅप्सुला गिळत आला होता.

आणि गेली सहा वर्षं त्याचं वजन वाढत होतं.

अडकल्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला आवारात नेलं. तिथे साखळीला एक लोखंडी कडं टांगलेलं होतं, त्यांना साफ कराव्या लागणाऱ्या टाक्यांपैकी सगळ्यांत लहान तोंडाच्या मापाचं. वर्षातून दोनदा आत उतरणाऱ्या प्रत्येकाने त्यातून पार व्हायचं. सुतळीने हात वर करून शिरायचा प्रयत्न केला. चार बोटं कमी पडली.

"दहा आठवड्यांनी परीक्षा आहे," मुकादम म्हणाला. तो काही दुष्ट माणूस नव्हता; आवाज उलट पडेलच होता. "तोवर बाहेर गाळ उपसायचा पाइप धर. पार झालास तर जागा तुझी. नाही झालास तर मी काय करू? टाक्यांची तोंडं मोठी करू?"

बाहेर पाइप धरणाऱ्याला कंपनी फार दिवस ठेवत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि दोरवाल्याला दुसऱ्या कोणाची जोड मिळाली नसती. त्याचे गुडघे गेले होते, पन्नाशी उलटली होती, आणि दोर सोडून त्याच्याही हातात काही नव्हतं.

घरी बायको ओट्यापाशी उभी राहून टोस्टचा पुडा मोजत होती. हे ती हल्ली रोज करी, आणि आपण करतो हे त्याला दिसू नये म्हणून पाठ करून करी. त्याला दिसायचंच.

"किती खाल्लेत?"

"दोनच."

"दोनच," ती म्हणाली. तिच्या भावाने परवाच जेवताना सगळ्यांदेखत विचारलं होतं, दाजी, दोन टोस्टवर हे असं बाळसं येतं होय? कोणत्या कंपनीचे आणता? तेव्हा ती हसली नव्हती, पण दाजींची बाजूही घेतली नव्हती. "अहो, बाहेर काही खात असाल तर सांगा बाई एकदाचं. मी काय रागावणार आहे?"

माणसाने चोरी केली नसली आणि रोज झडती होत असली की एक दिवस त्याला स्वतःचाच संशय यायला लागतो. सुतळी अंथरुणावर पडून आठवायचा, खरंच मी कुठे काही खातो का? आणि त्याला आठवायची ती फक्त भूक. जेवून उठल्यावरही भूक. पोट भरलं असं त्याला कित्येक वर्षांत वाटलंच नव्हतं. त्याला वाटे, सगळ्यांना असंच होत असणार.

तिसऱ्या दिवशी तो कामगारांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीण बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. त्यांनी वजन केलं, रक्त काढलं आणि आठवड्याने पुन्हा बोलावलं. रक्तात मोठं काही निघालं नाही. मग त्यांनी वही उघडली.

"दिवसात चहा किती?"

"मोजला नाही कधी."

"मग आता मोजा."

त्याने बोटं मोजली. सात झाले. प्रत्येकात दोन चमचे साखर.

"भाजी, कडधान्य?"

"टाकी असली की आदल्या दिवसापासून बंद."

"टाकी केव्हा असते?"

"रोजच असते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "औषध काही चालू आहे?"

"काही नाही. ती कॅप्सूल सोडून." त्याने खिशातली रिकामी पट्टी काढून दिली. बाईंनी ती उलटसुलट करून वाचली.

"ही कोणी लिहून दिली?"

"कोणी नाही. ती आमची पद्धत आहे."

"किती वर्षं?"

"एकोणीस."

चष्मा कपाळावरून नाकावर आला. "पोटात जंतू असतात, माहीत आहे ना?"

"म्हणूनच तर घेतो."

"अहो दादा, ते सगळे मारायचे नसतात." बाई पुढे वाकल्या. "आपल्या मोठ्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. भाडेकरू म्हणा. फुकट राहत नाहीत. भाजीचा, सालीचा, कडधान्याचा जो चोथा आपल्याला पचत नाही तो ते खातात आणि त्यातून आतड्याला लागणारे पदार्थ बनवतात. पोट भरलं, आता पुरे, हा निरोप मेंदूकडे जातो, त्यातही त्यांचा हात असतो. तुम्ही त्यांना एकोणीस वर्षं उपाशी ठेवलंत. वरून औषध मारलंत. टाकी स्वच्छ झाली की तुमचं काम संपतं. पोट तसं स्वच्छ झालं की त्याचं काम बंद पडतं."

"म्हणजे वजन त्याच्यामुळे?"

"सगळं त्याच्यामुळेच असं मी म्हणणार नाही. सात कप गोड चहा काही जंतूंनी नाही प्यायला. पण एक प्रयोग झालेला आहे. ज्यांच्या पोटात मुळात जंतूच नव्हते अशा उंदरांना लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जंतू दिले. खाणं तेवढंच, तरी अंगावर चरबी जास्त चढली. माणसाचं इतकं सरळ नसतं, अजून पुष्कळ कळायचं आहे. पण तुम्ही दोन टोस्ट खाता म्हणालात ना, ते मला खोटं वाटत नाही."

सुतळीने मान खाली घातली. डोळे भरून आले होते आणि तेवढ्यासाठी रुमाल काढायची त्याला लाज वाटली. सहा वर्षांत त्याच्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस होतं.

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. महिने."

"माझ्याकडे नऊ आठवडे आहेत," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर लिहून दिलं. कॅप्सूल पूर्ण बंद, डॉक्टरने दिल्याशिवाय नाही. चहा दोन कप, साखर नावाला. रोज कडधान्य, भाजी, सालीसकट फळ, दही, जाडसर पिठाचा पाव. सुरुवात थोडक्यात, मग वाढवत न्यायची.

हे त्याला करता आलं, कारण तो टाकीबाहेर होता. पाइप धरणाऱ्याला कितीदाही आडोशाला जाता येतं.

पहिला पंधरवडा भयंकर गेला. पोटाचा नगारा झाला. वजन काट्यावर जरा कमी आणि कंबर मात्र वाढलेली. आत नुसती गुडगुड. बायकोने तो कागद दोनदा वाचला, मग न बोलता पुडा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि वाटीभर हरभरे भिजत घातले. तिने माफी मागितली नाही. पण रोज संध्याकाळी हरभरे, मूग, चवळी काहीतरी भिजत पडायला लागलं, आणि सुतळीला त्यातून कळायचं ते कळलं. रात्री अंथरुणावर त्याचं पोट वाजायला लागलं की ती म्हणे, "भाडेकरू आले वाटतं परत." दोघं हसायची. कित्येक दिवसांनी हसत होती.

दोरवाला मात्र दुखावला. सुतळी पाइप धरूनही गाळात बरबटायचाच, म्हणून तो सवयीने कॅप्सूल पुढे करी.

"नको रे. बाईंनी बंद केलीय."

"बाई टाकीत उतरली होती का कधी?" दोरवाला म्हणाला. त्याचा हात तसाच पुढे होता. "मी एक माणूस घालवलाय, सुतळी. आठ दिवसांत घालवलाय. दुसरा नाही घालवणार. बाहेर आहेस तोवर कर काय करायचं ते. आत गेलास तर ही घ्यावी लागेल, नाहीतर माझ्याच्यानं दोर धरवणार नाही."

प्रेमाने आवळलेला फास सोडवायला जास्त जड जातो.

पाचव्या आठवड्यात एके संध्याकाळी सुतळी जेवत होता. ताटात मूग, पालेभाजी, पाव. बायकोने पातेलं पुढे केलं आणि त्याचा हात आपोआप ताटावर आडवा झाला.

"पुरे."

बायकोचं पातेलं तसंच हातात राहिलं. हा शब्द त्या घरात त्याच्या तोंडून कधी निघाला नव्हता. त्याला पोटात जागच्या जागी काहीतरी शांत झाल्यासारखं वाटत होतं. त्याला इतका आनंद झाला की ताट तसंच ठेवून तो जिन्यावर जाऊन बसला. आयुष्यभर आपण हावरट आहोत असं समजत होतो आणि तसं नव्हतं, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

मग पोटाचा नगारा उतरला. वजनही उतरू लागलं, पण आपल्या चालीने. आवारात कोणी नसताना तो कड्यात शिरून बघे. तीन बोटं. आठव्या आठवड्यात दोन. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा दीड बोट.

तो पुन्हा बाईंकडे गेला. बाईंना फार आनंद झाला. अजून पाच सहा महिने असंच चालू ठेवा, त्या म्हणाल्या, पोटात काहीतरी उभं राहतंय, आता मोडू नका.

"कड्याला दीड बोट कमी आहे," तो म्हणाला.

"मी चिठ्ठी देते मुकादमांना. मुदत मागा."

त्याने चिठ्ठी नेऊन दिली. मुकादमाने ती नीट वाचली, घडी घालून परत केली. "बाईंचं म्हणणं बरोबर असेल. पण सहा महिने तुझी जागा रिकामी ठेवायला मला वरून कोण परवानगी देणार? आणि समज, दिली. पुढे टाकीत चार तास असताना हरभरे खाऊन तू काय करणार आहेस?"

सुतळीने चिठ्ठी खिशात घातली. नऊ आठवडे त्याने हा प्रश्न स्वतःला विचारायचं टाळलं होतं. कड्यातून पार व्हायचं ते टाकीत जाण्यासाठी, आणि टाकीत जायचं म्हणजे टोस्ट आणि कॅप्सूल, आणि टोस्ट आणि कॅप्सूल म्हणजे पुन्हा कड्यात अडकणं. कुठूनही निघालं तरी तो फिरून तिथेच येत होता. त्या दिवशी टाकीच्या तोंडात अडकला होता तेव्हा निदान साबणाचं पाणी तरी होतं.

काम सोडायचं? एकेचाळिसाव्या वर्षी कोणाच्या दारात उभं राहायचं, आणि काय येतं म्हणून सांगायचं? अरुंद जागेत शिरता येतं?

परीक्षेआधी तिथले सगळेच गुपचूप करत तेच त्याने तीन दिवस आधी केलं. जुलाबाचं औषध घेतलं. खाणं बंद. पाण्याचा एखादाच घोट, अंगावर दोन स्वेटर घालून घाम काढणं. बायकोने पहिल्या दिवशी जेवण वाढलं, दुसऱ्या दिवशी नुसतं विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलंही नाही. भिजलेले हरभरे पाण्यातच फुगून त्यांना वास यायला लागला तेव्हा तिने ते टाकून दिले.

परीक्षेच्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. त्याने हात वर केले, डोकं घातलं, खांदे तिरके केले. लोखंड पोटाला लागलं, क्षणभर अडलं. मग ते कमरेवरून खरडत खाली गेलं आणि सुतळी पलीकडे मातीत पडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. दोरवाल्याने गुडघे विसरून त्याला उठवलं आणि मिठी मारली. म्हातारा रडत होता.

"सुतळी ती सुतळीच!" मुकादम म्हणाला आणि वहीत खूण केली. "दुपारी तेलाची टाकी आहे. पाणी बिणी पी आणि उतर."

तो उतरला. चार तास गाळ काढला. भिंतीवर कुठे काय चिकटतं ते हातांना पाठ होतं. वर आला तेव्हा टाकीचं तोंड त्याला घासत घासत सोडून गेलं. दोरवाल्याने पाणी दिलं. मग खिशातून पट्टी काढून एक कॅप्सूल त्याच्या तळव्यावर ठेवली.

सुतळीने तिच्याकडे बघितलं. मग दोरवाल्याकडे बघितलं. त्याच्या दुसऱ्या हातात दोर अजून तसाच गुंडाळलेला होता, चार तास धरून तळहाताला वळ पडले होते. सुतळीने कॅप्सूल तोंडात टाकली आणि तो वरून पाणी प्यायला. दोरवाल्याचा चेहरा सैल झाला. "चल, चहा घेऊ," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आला तर दारातच वास आला. पार झाल्याची बातमी तिला कोणीतरी सांगितली होती. तिने ताजे हरभरे शिजवले होते, पालेभाजी केली होती, दही लावलं होतं. ताट वाढून तयार होतं.

तो पाटावर बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "उद्या पण टाकी आहे."

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं, ताट उचलून ओट्यावर नेलं आणि टाचा उंचावून वरच्या फळीवरचा पुडा काढला.

"किती देऊ?"

"दोनच."

तिने दोन टोस्ट बशीत ठेवून त्याच्यापुढे आणले. त्याने ते सावकाश खाल्ले, शेवटचा चुरासुद्धा बोटाने टिपून. संपले तेव्हा त्याला भूक होती तशीच लागलेली होती, जुनी, ओळखीची. ओट्यापाशी त्याच्याकडे पाठ करून ती पुड्याला रबर लावत होती. या वेळी तिने तो मोजला नाही.